ऐका, बोला, ठरवा आणि लिहून ठेवा



हुमणी बांध ओळखत नाही. तुम्ही आपल्या रानात कितीही औषध घातलं आणि शेजाऱ्यानं काहीच केलं नाही, तर पुढच्या वर्षी त्याच्या रानातले भुंगेरे येऊन तुमच्या उसात, भुईमुगात अंडी घालतात. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. म्हणून हुमणीचा बंदोबस्त हा साऱ्या गावाचा निर्णय आहे. असा निर्णय गावानं कसा घ्यावा आणि त्यातून शिकावं कसं, हे आज पाहू.

याचा धडा पुण्यातच मिळालेला आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळं काढली. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. वीसेक माणसं रेडिओभोवती बसून तो ऐकत, मग त्यावर चर्चा करत आणि आपल्या शंका केंद्राला कळवत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची पाहणी केली. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं ताडून पाहिली. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती पुष्कळ वाढली. नुसत्या रेडिओच्या गावांत ती फारशी वाढली नाही. मंडळात बसणारी निरक्षर माणसंही चांगलं शिकली.

रेडिओ तोच होता, फरक पडला तो चर्चेनं. एकानं शंका काढली, दुसऱ्यानं आपल्या जमिनीचा अनुभव सांगितला, म्हणजे ऐकलेली गोष्ट आपल्या शिवाराची होते.

आता हीच रीत हुमणीला लावू.

पहिली गोष्ट, मे महिन्यातच बैठक घ्या. भुंगेरे वळवाच्या पावसानंतर बाहेर पडतात, तेव्हा गोळा व्हायला सवड नसते. त्यामुळे तारीख ठरवू नका. 'पहिला दमदार पाऊस होईल त्या संध्याकाळपासून' असं ठरवा.

दुसरी, बैठकीत विरोध करणाऱ्याला आधी बोलू द्या. 'माझ्या बांधावर बाभळीच नाहीत, मी कशाला येऊ?' असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर चारचौघांत मिळालं, तरच तो कामाला येईल.

तिसरी, काम नावानिशी वाटा. कडुनिंब, बाभूळ, बोर ही झाडं कुठं आहेत ते पाहून कोणती झाडं कुणी हलवायची ते लिहा. दिवस मावळल्यावर भुंगेरे पाल्यावर जमतात. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे वेचावेत आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत.

चौथी गोष्ट बहुतेक गावांत राहून जाते, ती म्हणजे वही. कोणत्या झाडावर किती भुंगेरे सापडले, कुठली झाडं राहिली, ते टिपून ठेवा. पावसाळा सरल्यावर पुन्हा बसा आणि ज्या रानात पीक वाळलं ते वहीशी ताडून पाहा. चूक कुणाची ते शोधत बसू नका, पुढच्या मे महिन्यात काय बदलायचं ते ठरवा. हे काम सलग तीन-चार वर्षं करावं लागतं. तेवढ्यात मंडळाचा संयोजक बदलतो, पण वही राहते.

ही वही गावच्या शाळेत ठेवता आली तर उत्तमच. पुण्याच्या सदाशिव पेठेत १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीनं मुलांना प्रकल्पांतून शिकवण्यावर भर दिला. आपल्या शाळेलाही ते अवघड नाही. वरच्या वर्गातल्या मुलांनी सकाळी आकडे मांडावेत, शिवाराचा नकाशा काढून झाडं दाखवावीत. गणित आणि भूगोल दोन्ही होतील. घरचा ऊस कशानं वाळतो, हे त्या पोरांना कळेल आणि पुढं बैठकीला बसतील ती हीच पोरं.

तेव्हा पाऊस येण्याआधी एक बैठक घ्या आणि एक वही आणा.