मूळ रूपातील लष्करी बंदुका



वसंतातल्या संध्याकाळी बंदुकांवर बोलावयाचे हे थोडे चमत्कारिकच. विषय जाहीर झाला तेव्हा पहिली हरकत आमच्या घरातूनच आली : "लोक गार हवा खायला येतात, त्यांच्यापुढे दारूगोळा कसला मांडता?" पण बंदूक कशी चालवावी हे आम्ही सांगणार नाही. ती जपावी कशी, एवढेच सांगावयाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांच्या सरकारांनी जुन्या रायफली ढिगाने विकून टाकल्या. अमेरिकेत त्या टपालाने घरपोच येत. १९६३ मध्ये केनेडींचा खून झाला तो अशाच, टपालाने मागविलेल्या इटालियन रायफलीने. पुढे १९६८ च्या कायद्याने ही टपालविक्री आणि लष्करी रायफलींची आयात बंद झाली. १९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य रायफलींपुरती आयातीची वाट पुन्हा मोकळी झाली. पण स्वस्ताईच्या त्या दिवसांत घेणाऱ्यांनी काय केले? नळीवरचे पुढचे लाकूड कापले, संगीन बसवावयाची सोय काढून टाकली, दस्त्याला चकचकीत रोगण दिले आणि हरणांच्या मागे निघाले. वीस-तीस डॉलरच्या वस्तूचे कौतुक कोण करणार! आज मात्र संग्राहक न कापलेली रायफल शोधत फिरतात, आणि कापलेलीकडे पाहून हळहळतात.

ही हळहळ नुसत्या पैशाची नव्हे. आपल्या ओळखीची ली-एन्फील्ड घ्या. तीनशे तीनची, दहा काडतुसांची. हिचा १९०७ सालचा नमुना पहिल्या महायुद्धात गेला. त्यात मॅगझिनच्या तोंडाशी एक सरकती पट्टी असे. ती आत ढकलली की दहा काडतुसे राखीव राहत आणि शिपायाने एकेक भरून उडवावे अशी योजना असे. खंदकांतल्या लढाईत ही काटकसर निरर्थक ठरली, कारखान्यांवरचा ताणही वाढला. तेव्हा नव्या रायफलींतून पट्टी गळाली. म्हणजे एका लोखंडी तुकड्याच्या असण्यानसण्यात युद्धविषयक विचारांतला पालट वाचता येतो. बोल्टवरचा आणि नळीवरचा आकडा एकच असेल तर ती जोडी कारखान्यात एकमेकींना बसवलेली आहे असे समजावे. आकडे निराळे असतील तर मध्ये कोणाचा तरी हात फिरला आहे. आमच्या ईशापूरच्या कारखान्याच्या रायफलींवर आधी ब्रिटिश मुकुट आणि स्वातंत्र्यानंतर अशोकस्तंभाचे सिंह उमटलेले दिसतात. एवढा मोठा राज्यपालट, तो बोटभर जागेत!

आता आमचे एक पाप सांगतो. कॉलेजात असताना आम्ही एन. सी. सी. त होतो. कवायतीसाठी नळीला भोक पाडून निकामी केलेल्या जुन्या रायफली मिळत. एकदा तपासणी होती. आम्ही उत्साहाच्या भरात काचकागद आणला आणि दस्ता घासघासून नव्या पाटासारखा केला. दस्त्याच्या उजव्या बाजूस लाकडात काही अक्षरे आणि आकडे ठोकलेले होते; ती "घाण" तर आम्ही मुद्दाम काढली. शाबासकीही मिळाली. कुतच्या १९१५-१६ च्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या हे आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचले. रायफलींच्या दस्त्यांवर पलटणींच्या खुणा असत हेही त्यानंतरच कळले. ती खूण कोणत्या पलटणीची होती, का नुसती कोठारातली नोंद होती, हे आता कोणालाच सांगता यावयाचे नाही. आम्ही ती नुसती पाहिली होती, वाचली नव्हती.

मात्र "मूळ रूप" म्हणजे कोणते, यावर संग्राहकांतच वाद आहेत. जपानी अरिसाका रायफलीवर सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे राजचिन्ह असे. १९४५ च्या शरणागतीच्या वेळी असंख्य रायफलींवरून ते घासून टाकण्यात आले. ज्यांवर फूल शाबूत, त्यांना किंमत जास्त येते. आम्हांला हे पटत नाही. घासलेले फूल म्हणजे शरणागतीची सही आहे. तीही इतिहासानेच केलेली. आमचा काचकागद आणि ती कानस यांत फरक आहे. कोणता, म्हणाल, तर तिथे काय पुसले हे पुसणाऱ्याला ठाऊक होते.

आपल्याकडे तीनशे तीन ही निषिद्ध बोअरमध्ये मोडते, म्हणून हा छंद घरी करावयाचा नाही. पण ती आपल्यातून गेली फार उशिरा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० मध्ये निरोप दिला. संग्रहालयांतून आणि पोलिसांच्या कोठारांतून ती अजून भेटेल. कोणाच्या ताब्यात अशी एखादी असेल तर लोखंडाला तेलाचा पुसट हात द्यावा, लाकूड कोरड्या फडक्याने पुसावे, आणि रोगणाचा डबा दुकानातच राहू द्यावा. आधी सगळे आकडे वहीत उतरून घ्यावेत.

काही चित्रे आणली आहेत. दिवे मालवले तर पहिले दाखवतो. दस्त्याचा उजवा भाग नीट पाहावा.