किडनीचा आजार आणि आपला पेला
(जूचंद्र येथील पाडा बैठकीतलं बोलणं)

दाव्यांच्या कागदांचं बोलणं झालं, आता थोडं किडनीच्या आजाराचं बोलू. विषय वेगळा वाटेल, पण तसा नाही. डायलिसिसवर गेलेला माणूस आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनला बांधलेला. त्याने मोजणीला उभं राहायचं कधी, मजुरीला जायचं कधी? वनपट्टा कायद्याने विकता येत नाही, पण घरात आजार शिरला की उभं पीक तोंडी बोलीवर सावकाराकडे जातं.

आम्हाला पाड्यापाड्यावर एकच विचारतात, किडनीवाल्याला थोडी ताडी, थोडी मोहाची चालेल का? बांधकामावर आलेले झारखंडचे आदिवासी भाऊ हंडियाचं विचारतात. शिजवलेला भात, रानूची गोळी, मडक्यात तीन-चार दिवस, झाली दारू. म्हणतात, भाताचीच ना, पेजेसारखी! पेजेसारखी असती तर पाय लटपटले नसते.

सौम्य दारू जास्त प्यायली जाते, हीच खोच आहे. किडनी रक्त गाळते, जादा पाणी नि क्षार लघवीवाटे बाहेर टाकते. ती थकली की पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, धाप लागते. डायलिसिसच्या माणसाला बहुतेक वेळा कालची लघवी अधिक अर्धा लिटर, एवढंच दिवसाचं पाणी सांगतात. त्यात चहा, पेज, डाळीचं पाणी सगळं धरायचं. हंडियाचे दोन लोटे म्हणजे दिवसाचा हिशोब संपला. वर दारूने बीपी चढतं, नि चढलेलं बीपी किडनी आणखी खातं. साखरेची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी पिऊन साखर एकदम उतरते. ताडीत पोटॅशियम असतं, नारळपाण्यातही असतं. चांगली किडनी ते काढून टाकते, बिघडलेलीला जमत नाही, नि ते वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून ‘ताडीने मुतखडा पडतो’ हे ऐकून पिऊ नका.

एक जपा. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम सोडू नये. हात कापतात, झटके येतात. आधी डॉक्टरांना सांगा, न लाजता.

काही म्हातारे म्हणतात, पोरं शिकली नि रीतीवर उठली. रीत आम्हाला ठाऊक आहे. दारूशिवाय लग्न लागत नाही, देवाला धार सोडल्याशिवाय कोणी पेला तोंडाला लावत नाही. पण 1892 साली ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवर सरकारने कायदा आणला. आपल्या झाडाचं फूल गुन्हा झालं, ठेक्यावरची दारू कायदेशीर. उधारी वाढली, जमिनी गेल्या. नि 1922 साली पालघरकडून सुरतेकडे देवीची हवा पसरली, तेव्हा आपल्याच आजे-पणज्यांनी दारू-ताडी खाली ठेवली. त्यांना कोणी आदिवासी नाहीत म्हटलं का?

तेव्हा रीत अशी ठेवू. आजारी माणसाच्या वाट्याची धार जमिनीवर सोडायची, पेला पुढच्याकडे. ‘घे रे, एका घोटाने काय होतं’ असा आग्रह कोणीही, मामाने नाही की व्याह्याने नाही, करायचा नाही. नकार देणाऱ्याला हसायचं तर अजिबात नाही.

अंगदुखीला मेडिकलवरच्या गोळ्या रोज खाणं हेही थांबवा. दिवसभर उन्हात कोरडं काम, संध्याकाळी दारू, रात्री गोळी, यात चांगल्या किडनीचीही वाट लागते.

सुरुवातीला हा आजार कळत नाही. लघवीला फेस, सकाळी डोळ्यांखाली सूज दिसली की तपासा. बीपी-साखर असेल तर सूज नसतानाही. रक्तातलं क्रिएटिनिन नि लघवीतलं प्रोटीन, एवढ्या दोन तपासण्या. डायलिसिस लागलंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत होतं, रेशनकार्ड न्या, योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो त्याला विचारा. रिपोर्ट फेकू नका. वनदाव्याची पावती ज्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत ठेवा.