आधार कोणाचा, हे सांगावे लागते



हीरक महोत्सवी व्याख्यानास संगणकाच्या अंतरंगातील विषय निवडला गेला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु या सभागृहातील बहुतेकांच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवरच चालतो, आणि जबलपुरातून पुण्या-बंगळुरास गेलेल्या कित्येक मुलांचा या क्षेत्राशी रोजचा संबंध येतो.

कर्नल म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला. आज त्यात १५,००० हून अधिक पर्याय आहेत. अनेकांना तीन उत्तरे देता येतात: 'हो' म्हटले तर तो भाग गाभ्यातच बांधला जातो, 'नाही' म्हटले तर वगळला जातो, आणि 'मॉड्यूल' म्हटले तर वेगळा राहून लागेल तेव्हा जोडला जातो. हे नियम केकॉन्फिग नावाच्या भाषेत लिहितात.

घोळ होतो तो परस्परावलंबनात. 'डिपेंड्स ऑन' असे लिहिले, तर आधाराचा भाग असल्याखेरीज पुढचा भाग निवडताच येत नाही. 'सिलेक्ट' लिहिले, तर एकाची निवड होताच दुसरा आपोआप ओढून आणला जातो. हे सोयीचे खरे. पण ओढून आणलेल्याच्या स्वतःच्या अटी पुऱ्या झाल्या की नाही, हे 'सिलेक्ट' पाहत नाही. पाहुण्याला हाताला धरून पंगतीत बसवावे आणि पाट मांडला आहे का हे पाहूच नये, तशातला हा प्रकार. मग अपुऱ्या अटींची सूचना उमटते, किंवा बांधणीच अखेरच्या टप्प्यावर मोडते. अशा वेळी घाईने आणखी एक 'सिलेक्ट' जोडण्याचा मोह होतो आणि अटींचे वर्तुळ तयार होते. ज्याला स्वतःच्या अटी नाहीत अशाच भागासाठी 'सिलेक्ट' वापरावे, असे कर्नलच्या मार्गदर्शिकेत बजावलेले आहे. ते अनेकदा दुर्लक्षिले जाते, हे खेदाने म्हणावे लागते.

मदनमहालचा बॅलन्सिंग रॉक २२ मे १९९७ च्या भूकंपातही ढळला नाही. पण तेथे कोणता दगड कोणावर टेकला आहे, हे डोळ्यांना दिसते तरी. कर्नलमध्ये ते लिहूनच ठेवावे लागते.

यातील सर्वांत सुंदर दुरुस्ती वरवर निरर्थक भासते: 'हा भाग त्या भागावर अवलंबून आहे, किंवा तो भाग नसण्यावर.' 'आहे किंवा नाही' हे विधान तर नेहमीच खरे! पण येथे उत्तरे तीन आहेत. 'नाही'ला ०, 'मॉड्यूल'ला १ आणि 'हो'ला २ मानावे. 'किंवा' म्हणजे दोहोंतील मोठी संख्या. नकार म्हणजे २ मधून वजाबाकी. आधाराचा भाग ० किंवा २ असेल, तर उत्तर २ येते आणि कोणतीही आडकाठी राहत नाही. तो १ असेल, तर मात्र उत्तर १ येते. म्हणजे त्याच्यावर विसंबणाऱ्यालाही मॉड्यूलच व्हावे लागते. गाभ्यात पक्के बांधलेले काम बाहेरच्या मॉड्यूलमधील कार्यावर थेट विसंबू शकत नाही, हा मूळ दोष त्या एका ओळीने दूर होतो. सातवी-आठवीच्या मुलालाही फळ्यावर हे उलगडून दाखवता येईल.

असे दोष नेहमीच्या वापरात दडून राहतात. म्हणून 'रँडकॉन्फिग' या आज्ञेने पर्यायांची यदृच्छेने निवड करून बांधणी करून पाहतात. आर्न्ड बर्गमान यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने हेच काम करून असंख्य दोष निस्तरले आहेत. बहुधा दुरुस्ती एका ओळीची असते आणि तिचे स्पष्टीकरण परिच्छेदभर. दोष कोणत्या निवडीत प्रकटला, कोणत्या जुन्या बदलातून शिरला आणि हाच उपाय का, हे लिहून खाली स्वतःचे नाव द्यावे लागते. परीक्षकांनी परत पाठवले, तर दुसरी, तिसरी आवृत्ती सादर करावी लागते. मराठी माध्यमातील मुले इंग्रजीला बिचकतात, अशी पालकांची काळजी असते. येथे मात्र अलंकारिक इंग्रजीचा उपयोग नाही, कारण नेमके सांगता आले म्हणजे झाले.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे, त्यांना साधा लॅपटॉप पुरेल. कर्नलची संहिता सर्वांना खुली आहे. यदृच्छ निवड करावी, तिची फाइल जपून ठेवावी, बांधणी करावी आणि पहिलीच सूचना शेवटपर्यंत वाचावी.