पहिल्या दिवशीचे प्रश्न

(वसंत व्याख्यानमाला : पुष्प दुसरे)



कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात ओपीडीच्या आसपास ‘समाजसेवा विभाग’ अशी एक पाटी असते. आत समाजसेवा अधीक्षक बसतात. वॉर्डातल्या मावश्या त्यांना ‘सोशल वर्कर मॅडम’ म्हणतात. या मॅडमपर्यंत माणूस बहुधा केव्हा पोहोचतो? बिल हातात पडतं, पैसे कमी पडतात, तेव्हा. “खाली सोशल वर्करना भेटा, काही सूट मिळते का बघा,” असं सांगून त्याला पिटाळलं जातं. मी बरीच वर्षं हे काम केलं, आता ते करू पाहणाऱ्या मुलामुलींना शिकवते. तुमच्यापुढे मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. ही भेट बिलाच्या दिवशी नव्हे, भरतीच्या दिवशी झाली पाहिजे, कारण हे काम उपचाराचाच भाग आहे.

या कामाचा उगम दोन ठिकाणी सापडतो. 1895 साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्टुअर्ट या बाईंची नेमणूक झाली. फुकट उपचार घेणाऱ्यांत खरा गरजू कोण आणि ऐपत असून येणारा कोण, याची छाननी हे त्यांच्याकडे सोपवलेलं मुख्य काम. दहा वर्षांनी, 1905 मध्ये, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांना वेगळाच प्रश्न पडला होता. विश्रांती घ्या, सकस खा, हवापालट करा असं ते रुग्णांना सांगत, आणि यातलं काहीच त्या रुग्णांच्या आवाक्यात नसे. घरची परिस्थिती कळल्याशिवाय आपलं निदान अपुरं आहे हे ओळखून त्यांनी गार्नेट पेल्टन या परिचारिकेला सोबत घेतलं. पुढे आयडा कॅनन यांनी ते काम चार दशकं नेटानं वाढवलं.

आपल्याकडे सर दोराबजी टाटा यांच्या नावानं 1936 मध्ये मुंबईत नागपाड्याला समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. शिक्षण आपण बोस्टनच्या वाटेनं दिलं. रुग्णालयांनी मात्र या माणसाला बसवलं लंडनच्या खुर्चीत, उत्पन्न तपासायला.

आता एक रुग्ण डोळ्यांपुढे आणा. चाळिशीतला ऊसतोड कामगार, गाव बीड जिल्ह्यातलं, टोळी उतरली आहे पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर. पायाला उसाचं खोडकं लागल्याचं निमित्त झालं. मधुमेह आहे हे माहीतच नव्हतं. जखम चिघळली, गँगरीन झालं आणि पाऊल काढायची वेळ आली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया उत्तम केली. चौथ्या दिवशी तो घरी जायचं म्हणतो. समजावून पाहिलं तरी ऐकत नाही, कागदावर अंगठा देतो आणि निघतो. वॉर्डात सगळे म्हणतात, “पेशंट डामा गेला.” म्हणजे वैद्यकीय सल्ला डावलून गेला. शिक्का पडला, फाईल मिटली.

तो का गेला? ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा खाटेवर आणि बायको उशाशी, म्हणजे अख्खा कोयता बंद. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल अंगावर तशीच आहे. धाकटी दोन पोरं फडाजवळच्या कोपीत शेजारणीच्या भरवशावर आहेत. रेशनकार्ड गावी सासूच्या पेटीत आहे, म्हणून मोफत उपचाराच्या सरकारी योजनेचं काम अडलं आहे. यातली एकही गोष्ट केसपेपरवर नाही, आणि त्याचा निर्णय याच गोष्टींनी केला.

केसवर्कर, म्हणजे एकेका रुग्णाची परिस्थिती समजून घेऊन मदत करणारी समाजसेविका, पहिल्याच दिवशी खाटेशेजारी स्टूल ओढून बसली असती तर? टोळी कुठं आहे, पोरं कुणाजवळ आहेत, उचल किती फिटली, कार्ड कुठं आहे, घरी इंजेक्शन कोण देईल, हे तिनं विचारलं असतं. गावी फोन लावून पुतण्याकडून कार्डाचा फोटो मागवून घेतला असता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा आजार कसा बसतो ते आरोग्यमित्राबरोबर बसून पाहिलं असतं. रुग्णाची परवानगी घेऊन ती मुकादमाशी बोलली असती. एक दिवसाआड ड्रेसिंगला शहरात येणं म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी; म्हणून कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ड्रेसिंगची सोय लावून दिली असती. कोपीत फ्रीज कुठला? तेव्हा इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून गार मडक्यात कशी ठेवायची, हे तिनं बायकोला स्वतःच्या हातानं करून दाखवलं असतं. पुढं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, कृत्रिम पाऊल आणि बसून करता येईल असं काम. यातलं पहिलं पाऊल चौथ्या दिवसाआधी पडलं असतं तर तो थांबला असता, अशी मला आशा वाटते. पुष्कळांना मी असं थांबताना पाहिलं आहे.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. भाजलेली बाई रुग्णालयात येते आणि स्टोव्हचा भडका उडाला म्हणून सांगते. विष घेतलेली बाई म्हणते, चुकून प्यायले. सासरचं माणूस शेजारीच उभं असतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं 2000-01 मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं ते अशाच बायकांसाठी. घरात हिंसा सोसणाऱ्या बाईला आधार देणारं, रुग्णालयातच चालणारं हे देशातलं पहिलं केंद्र. डॉक्टर-परिचारिकांना खुणा ओळखायला शिकवलं, नातेवाइकांना बाहेर बसवून बाईशी एकटीनं बोलायची जागा केली. तिला लगेच तक्रार करायची नसेल तर तिच्यावर जबरदस्ती करायची नाही, पण घरी पाठवण्याआधी ती सुरक्षित राहील ना, हे तिच्याबरोबर बसून ठरवायचं. निर्णय तिचा आणि साथ आपली, हा केसवर्कचा पायाच आहे.

पैशाचा प्रश्न मी टाळत नाही. तो खरा आहे आणि कायद्यानं त्याला वाट दिली आहे. मुंबई उच्च न्यायालयानं 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरानं राखायच्या आहेत. एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत जमा करायची आहे. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, कागद नंतर बघायचे. ही तरतूद रुग्णाला माहीत नसते. ती त्याला सांगणं हे समाजसेवकाचं कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. आणि विचारण्याचीही एक रीत असते. मागं रांग उभी असताना खिडकीतून “उत्पन्न किती?” म्हणून ओरडलं की बापाची मान पोरासमोर खाली जाते. तोच प्रश्न दार लावून, पाण्याचा पेला पुढं करून विचारला तर माणूस कर्जासकट सगळं सांगतो.

या कामाला मर्यादा आहेत. केसवर्कर कोरडवाहू शेतीला पाणी देऊ शकत नाही, मुकादमी मोडू शकत नाही. पण आजाराबरोबर घर बुडू नये एवढी खटपट ती करू शकते, आणि आज तिला ती वेळेवर करता येत नाही हे माझं दुखणं आहे.

म्हणून रुग्णालय चालवणाऱ्यांकडे माझ्या चार मागण्या आहेत. भरतीनंतर एका दिवसाच्या आत गरजू रुग्णाची समाजसेवकाशी भेट व्हावी. केसपेपरमध्ये घर, काम आणि सोबतीचं माणूस यांसाठी एक पान असावं, आणि राउंडच्या वेळी डॉक्टरांनी ते वाचावं. बोलायला दार असलेली खोली असावी. आणि घरी गेलेल्या रुग्णाला आठवड्याभरात एक फोन जावा.

तुम्हा श्रोत्यांकडेही एक मागणं आहे. उद्या तुमच्या घरातलं, शेजारचं, कामावरचं कुणी रुग्णालयात दाखल झालं, तर पहिल्याच दिवशी विचारा, इथला समाजसेवा विभाग कुठं आहे? पैसे असोत वा नसोत, विचारा. लोक विचारू लागले की रिकामी पदं भरावी लागतात आणि कोपऱ्यातल्या खोल्या पुढं आणाव्या लागतात.