धाराशिवच्या बायांचे देणे

(पिंपरी पेंढार येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



ज्याचे सारे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले, त्याने कर्करोगावर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. मी वैद्य नाही. शरीरात गाठ कशी वाढते, हे मला तुमच्याइतकेच कळते. परंतु ती गाठ हाताला लागल्यापासून डॉक्टरांपुढे जाईपर्यंत जे महिने जातात, ते का जातात, हा प्रश्न वैद्यकाचा नाही. तो मजुरीचा, अंतराचा आणि घरातील सत्तेचा आहे. त्याबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

याच भागातील एका बाईची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. पाळी जाऊन सहा वर्षे झालेली, आणि दिवाळीच्या सुमारास तिला पुन्हा अंगावर जाऊ लागले. जवळच्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या. मग कांद्याच्या लागणी आल्या, मग काढणी, मग पुतणीचे लग्न. पुण्याच्या रुग्णालयात ती पोचली तेव्हा गणपती येऊन गेले होते. उपचार सरकारी योजनेतून होणार होते, त्याचा पैसा पडणार नव्हता. पण किरणोपचार म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे. पुणे इथून नव्वद-शंभर किलोमीटर. राहायचे कुठे, सोबत कोणी थांबायचे, त्याचा रोज कोणी भरून द्यायचा? तिसऱ्या आठवड्यात ती घरी परतली. पुढचे सांगायला नको.

वर्गात मी याला 'वैकल्पिक खर्च' म्हणत असे. वस्तू फुकट मिळाली तरी ती घेण्यासाठी जे सोडावे लागते, ती तिची खरी किंमत. महात्मा फुले जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचा आणि औषधांचा खर्च उचलते. ती चांगली योजना आहे, तिची टिंगल मी करणार नाही. पण बुडालेला रोज ती मोजत नाही. आणि रोगाचे निदान उशिरा होते ते त्या बुडणाऱ्या रोजामुळेच. बागाईतदाराच्या पत्नीचा रोग पहिल्या अवस्थेत सापडतो आणि तिच्याच रानात खुरपणाऱ्या बाईचा तिसऱ्या. दोघींच्या गाठीत फरक नसतो.

यावर उपाय सापडलेला नाही असे नाही. तो महाराष्ट्रातच सापडला आहे, आणि हेच मला आज मुख्यतः सांगायचे आहे.

बार्शीला डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय चालविले. १९८७ साली तेथे टाटा स्मारक रुग्णालयाच्या साह्याने ग्रामीण भागासाठी कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्यात होती. शहरातली नोंदवही रुग्णालयांच्या कागदांवरून भरता येते. खेड्यातला रोगी रुग्णालयात जातच नाही, तेव्हा कागद कुठून येणार? म्हणून बार्शीचे लोक गावोगाव फिरले. सरपंच, शिक्षक, सुईणी यांना भेटले, कोणाला काय होते ते विचारीत गेले, आणि विचारता विचारता लक्षणेही समजावून देत गेले. हेतू केवळ मोजण्याचा होता. पण काही वर्षांतच असे दिसले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया आधीच्यापेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. यंत्र नवे आले नव्हते. दारात येऊन आपुलकीने विचारणारा माणूस नवा होता.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दुसरा प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवड्यांचे शिक्षण दिले. सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखे पाणी, गर्भाशयाच्या तोंडाला लावायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. एवढ्याने या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तिसरा प्रयोग उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या धाराशिवचा. १९९९ साली सुरू झाला, निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. गावांचे चार गट पाडले. एका गटात एचपीव्ही या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली. ३४,१२६ स्त्रियांच्या त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ जणी दगावल्या. ज्या गटाची तपासणी केली नाही, त्या ३१,४८८ स्त्रियांत ६४.

या ६४ च्या आकड्याशी मी नेहमी थांबतो. विज्ञानाला तुलना लागते, हे मी जाणतो. तरीही तपासणी न मिळालेला गट कोणाच्या बायकांचा होता, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो विचारणारे चुकले होते असे मला वाटत नाही. त्या आपल्याच मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांच्या बाया. त्यांच्या जिवावर जे ज्ञान मिळाले ते जगाने उचलले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात याच चाचणीला पहिली पसंती दिली. आणि आपल्याकडे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ या काळात, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत. प्रतिबंधक लस पुण्याच्या सीरम संस्थेने तयार करून २०२३ साली बाजारात आणली. म्हणजे ज्ञान धाराशिवचे, लस हडपसरची, आणि वंचित कोण, तर जुन्नरची मजूर बाई!

केंद्र सरकारने २०१६ मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीची योजना आखली. तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती आशा भगिनीने घरी जाऊन भरायची. एका अर्जाचे दहा रुपये. बार्शीचा सारा अनुभव ज्या एका कामावर उभा आहे, त्याची किंमत सरकारने दहा रुपये केली! आशांच्या संपात आपण त्यांच्या बाजूने उभे राहतो ते केवळ सहानुभूतीने नव्हे, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे.

मग आपण करायचे काय? प्रथम, शिबिरे भरविण्याचा मोह सोडा. मांडव, फलक, पाहुणे, दुपारपर्यंत दोनशे बाया तपासल्या, वर्तमानपत्रात फोटो. त्यांतल्या ज्या आठ-दहा जणींना पुढे जायला सांगितले, त्या गेल्या का, हे महिन्यानंतर कोणीही सांगू शकत नाही. बाईला भय देऊन वाऱ्यावर सोडण्याचा हा प्रकार आहे. त्यापेक्षा तपासणी न केलेली बरी, असे मी रागाने म्हणतो. तुम्ही ते शब्दशः घेऊ नका.

या तालुक्यात बिबट्या दिसला तर तासाभरात सारे गाव जमते. वनखात्याला फोन जातात, पिंजरा येतो, पुढारी येतात. ते योग्यच आहे. पण तेवढी धावपळ करण्याची ताकद गावात आहे, हेही त्यातून सिद्ध होते. साधने इथे आहेत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. तो कुठे जातो ते ग्रामसभेत विचारा. विघ्नहरसारखा सहकारी कारखाना आहे, दूधसंस्था आहेत, नारायणगाव-ओतूरचे बाजार आहेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीवर मालकाकडून लेव्ही घेऊन कल्याणनिधी उभा करता येतो, हे या राज्याने दाखवून दिले आहे. मग बाजारात येणाऱ्या कांद्या-टोमॅटोच्या पोत्यामागे व्यापाऱ्याकडून काही पैसे का घेऊ नयेत? त्या पिकात बाईचे श्रम आहेत. तपासणीच्या दिवशीचा रोज, पुण्याला जाण्यायेण्याचे भाडे, आणि पाच आठवडे राहण्याची सोय, एवढेच त्यातून भागवायचे. रुग्णालय आपल्याला बांधायचे नाही.

मशेरीचेही बोलले पाहिजे. पुरुषांच्या तंबाखूवर आपण भाषणे देतो. घरात भाजलेल्या तंबाखूची पूड दिवसातून चार वेळा दातांना लावणारी आपलीच आई-मावशी असते, तिला कोणी बोलत नाही. व्यसन असे कोणी त्याला म्हणतच नाही. हे काम पुरुष कार्यकर्त्यांच्या हातून होणारे नाही. बचत गटातल्या भगिनींनीच ते घ्यावे.

सुरुवात एका वहीपासून करा. वस्ती, घर, तीस वर्षांवरील स्त्रिया, तपासणी झाली का, पुढे पाठविले का, गेली का, परत कधी बोलाविले आहे. एका वस्तीची जबाबदारी आशा भगिनीसोबत एकाच कार्यकर्तीने घ्यावी, आणि लिहिलेले गावभर होऊ नये याची काळजी घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आधी भेटून तारखा ठरवा. त्यांना वगळून केलेले काम टिकणार नाही. वही दिवाळीपूर्वी पुरी व्हावी. एकदा कांद्याच्या लागणी सुरू झाल्या की दिवसा घरी कोणी सापडणार नाही.