निकटप्रजनन आणि रेतनाची कांडी

निकटप्रजनन, म्हणजे रक्ताचे नाते असलेल्या नर-मादीपासून होणारी पैदास, हा विषय कागदावर कोरडा वाटला, तरी गाय वारंवार उलटू लागते किंवा गाभडते तेव्हा त्याची झळ थेट गोठ्याला लागते.

अमेरिकेत 1962 मध्ये जन्मलेल्या पॉनी फार्म आर्लिंडा चीफ या होल्स्टीन वळूला गोठित रेतामुळे सुमारे 16,000 मुली झाल्या आणि त्याच्या वंशाने दुधाचे उत्पन्न इतके वाढवले, की त्याची निवड चुकली असे आजही कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच्या एका जनुकातील दोषही त्याच वाटेने जगभर पसरला आणि त्याच्या वंशजांच्या आपसातील पैदाशीत तो भोवू लागला. वाहक, म्हणजे दोषाची एकच प्रत बाळगणारे आणि वरकरणी निरोगी, वळू व गाय एकत्र आले की सरासरी चारांतील एक गर्भ दोन्ही प्रती सदोष घेऊन पोटातच मरतो. अशा गर्भपातांची संख्या सुमारे 5 लाख असावी, असा अंदाज आहे. 2011 मध्ये हा दोष उमगला तो आजारी जनावरे पाहून नव्हे, तर गुणसूत्राचा एक विशिष्ट तुकडा दुहेरी स्वरूपात एकाही जिवंत जनावरात आढळत नाही, एवढ्यावरूनच. ही युक्ती दाद देण्याजोगी आहे.

मात्र 2009 पासून अमेरिकेत जनुकीय निवड, म्हणजे डीएनए वाचून लहान वयातच वळू निवडणे, अधिकृतपणे सुरू झाल्यावर वळूंच्या बापांच्या बाबतीत पिढीचे अंतर सुमारे 7 वर्षांवरून अडीच वर्षांच्या आत आले, मोजक्याच कुळांवर उड्या पडल्या आणि ज्याला आवर घालायचा तेच निकटप्रजनन दरवर्षी अधिक वेगाने वाढू लागले.

महाराष्ट्रातील अडचण निराळी असून येथे बहुतेक गाईंची वंशावळच लिहिलेली नसते. म्हणूनच 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीम येथे लोकार्पण झालेली गौचिप, म्हणजे गाईच्या डीएनएतील हजारो ठरावीक जागा एकाच वेळी वाचणारी चाचणी, मोलाची ठरते. डीएनएच्या दोन्ही प्रती सारख्या असलेले पट्टे मोजले की कागदाविनाही आईबापांचे नाते उघड होते आणि पट्टा जितका लांब तितके ते नाते सहसा अलीकडचे असते.

तरीही अखेरचा निर्णय गोठ्यातच होतो. माजावरच्या गाईजवळ उभा असलेला कृत्रिम रेतन करणारा कार्यकर्ता द्रव नायट्रोजनच्या पात्रातून उणे 196 अंशांतली गोठित रेताची कांडी काढतो, तेव्हा तिच्यावर वळूचा क्रमांक छापलेला असतो. पण त्या गाईचा बाप कोणता, हे त्याला ठाऊक नसेल तर ज्यातून वासराचा निकटप्रजनन गुणांक, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, 25 टक्क्यांवर जातो तो बाप-लेकीचा संयोग टळणे निव्वळ नशिबावर राहते. कानातील बिल्ल्याच्या 12 अंकी क्रमांकापुढे वळूचा क्रमांक प्रत्येक रेतनावेळी कसा नोंदवला जाईल आणि एकाच वळूच्या कांड्या त्याच्याच लेकींच्या गावी पुन्हा कशा जाणार नाहीत, याचा विचार दुग्धपशूंच्या पैदाशीवरील या परिषदेत जमलेल्या कार्यकर्त्यांना बोलते करून व्हावा, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे.