हिशेब आपला, पान आपलं: मोबाईलच्या ब्राउझरमध्ये चालणारं पायथन
(संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेले भाषण. ज्या मैत्रिणींना त्या दिवशी येता आले नाही त्यांच्यासाठी देत आहोत.)



आज मी सुरुवात माझ्या चुकीपासून करणार आहे. तुम्ही मला 'मॅडम' म्हणता, तेव्हा मॅडमची चूकही तुम्हाला माहीत असायला पाहिजे.

मागच्या वर्षी एका गटाला मी लॅपटॉपवर हिशेबाचा तक्ता करून दिला. कर्जाची रक्कम टाकली की हप्ता आपोआप येणार. गटातल्या एका आजींनी शेळ्यांसाठी बारा हजार घेतले होते. मुदत बारा महिने, व्याज महिना शेकडा दोन. माझ्या तक्त्याने हप्ता सांगितला १,२४० रुपये. चार महिने त्यांनी निमूट भरला. पाचव्या महिन्यात पैसे भरले आणि तिथंच बसून राहिल्या. म्हणाल्या, "पोरी, म्हस आटत चाललीय, तर दूध तेवढंच कसं गं निघतंय?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी बोट दाखवलं. मुद्दल दर महिन्याला हजाराने कमी होतेय, पण व्याज २४० चे २४०च!

त्या गटाचा ठराव होता, व्याज उरलेल्या मुद्दलावर घ्यायचं. मी मात्र तक्त्यात सूत्र टाकलं होतं पहिल्या मुद्दलावरचं, म्हणजे सपाट व्याजाचं. आता सोबत हिशेब करा. पहिल्या महिन्यात बारा हजारावर २४०. दुसऱ्या महिन्यात अकरा हजारावर २२०. मग २००, मग १८०, मग १६०. पाच महिन्यांचं व्याज झालं १,०००. आजींनी भरलं होतं १,२००. दोनशे रुपये जास्त, आणि ते माझ्यामुळे. वर्षभर कुणी बोललं नसतं तर? सपाट व्याज होतं २,८८०, आणि उरलेल्या मुद्दलावरचं होतं १,५६०. फरक १,३२० रुपयांचा. एवढ्यात घरातल्या किती गोष्टी होतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

पुढच्या सभेत आम्ही तिघी कर्जदारांचे हिशेब पुन्हा केले, जास्तीचे पैसे परत दिले, इतिवृत्तात नोंद केली. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. चूक माझी होती, ती सापडायला चार महिने का लागले? कारण सूत्र चौकटीच्या आत लपलेलं होतं. बाहेर दिसत होता फक्त आकडा. आणि मशीनने दिलेला आकडा म्हटला की आपण सगळ्या माना डोलावतो.

मग मी ठरवलं, हिशेब करणारी गोष्ट अशी पाहिजे की तिच्या पोटात काय चाललंय ते लेखापालला वाचता येईल. आणि ती तुमच्या मोबाईलवर चालली पाहिजे, कारण लॅपटॉप गटात नाही, माझ्या बॅगेत असतो.

एमएसडब्ल्यू करताना सर्वेक्षणाच्या आकडेमोडीपुरतं मी पायथन शिकले होते. पायथन म्हणजे संगणकाला काम सांगायची भाषा. नेदरलँड्सच्या ग्विडो व्हॅन रॉसम यांनी ती बनवली, १९९१ साली लोकांसमोर आली. नाव ऐकून घाबरू नका, अजगराशी तिचा संबंध नाही. इंग्लंडमधल्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमावरून ते नाव घेतलंय. शिकायला सोपी म्हणून बऱ्याच शाळा-कॉलेजांत ती शिकवतात. तुमच्यापैकी कुणाची मुलगी कॉम्प्युटर शिकत असेल तर तिला विचारा.

पण एक अडचण होती. पायथन चालवायचं तर ते आधी संगणकावर बसवावं लागतं. आपल्या मोबाईलमध्ये जो ब्राउझर असतो, ज्यात आपण हवामान बघतो, सातबारा बघतो, त्याला पायथन समजत नसे. त्याची भाषा जावास्क्रिप्ट. यावर लोकांनी वाट काढली. वेबअसेम्ब्ली नावाची एक पद्धत आली, २०१९ मध्ये ती वेबचं अधिकृत मानक झाली. तिच्यामुळे दुसऱ्या भाषांतले प्रोग्रॅमही ब्राउझरच्या आत चालू शकतात. २०१८ मध्ये मोझिला संस्थेत मायकेल ड्रॉटबूम यांनी पायथनच ब्राउझरमध्ये चालेल असं करून दाखवलं, त्याचं नाव पायोडाइड. आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पायथनच्या संमेलनात अॅनाकोंडा कंपनीने पायस्क्रिप्ट जाहीर केलं. पायस्क्रिप्टमुळे साध्या वेबपानातच पायथनच्या ओळी लिहिता येतात. पान उघडलं की ब्राउझर पायथन समजणारा दुभाष्या उतरवून घेतो आणि हिशेब तुमच्याच मोबाईलमध्ये होतो.

ही दोन्ही साधनं मुक्तस्रोत आहेत. म्हणजे काय? बाजारातल्या पापडाच्या पाकिटावर प्रमाण लिहिलेलं नसतं. आपल्या गटाच्या पापडाचं प्रमाण मात्र भिंतीवर लावलेलं आहे, कुणीही वाचावं, कुणीही करून बघावं, चुकलं तर सांगावं. मुक्तस्रोत म्हणजे प्रमाण भिंतीवर लावलेलं. वापरायला पैसे पडत नाहीत.

आता गंमत ऐका. पायथनमध्ये नावं मराठीत देता येतात. मी पानात लिहिलेल्या दोन मुख्य ओळी अशा आहेत:

व्याज = मुद्दल * दर
मुद्दल = मुद्दल - हप्ता

मधली चांदणी म्हणजे गुणिले. हप्ता म्हणजे इथे मुद्दलाचा हप्ता, हजार रुपये. पहिली ओळ सांगते, आत्ता जी मुद्दल उरलीय तिच्यावर व्याज काढ. दुसरी सांगते, हप्ता आला की मुद्दल कमी कर. हे बारा वेळा कर, असं सांगणारा शब्द इंग्रजीच ठेवावा लागतो, आणि ओळीतले अंकही इंग्रजी लागतात. पण पानावरच्या रकान्यात तुम्ही मराठी अंकात १२००० लिहिलं तरी पायथनला ते कळतं.

आता सांगा, माझी जुनी चूक इथं लपली असती का? दुसरी ओळ विसरले असते तर मुद्दल कमीच झाली नसती, आणि लेखापालने विचारलं असतं, "ताई, वजाबाकी कुठाय?" मी हे पान त्या आजींना दाखवलं. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून नातीने वाचून दाखवलं. दुसरी ओळ ऐकल्यावर म्हणाल्या, "हां, आता आटतीय म्हस."

तरी मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ताळा बोटांवर करता येतो. बारापासून एकपर्यंत बेरीज करा, येतात ७८. अठ्ठ्याहत्तर हजाराचे शेकडा दोन, म्हणजे १,५६०. पानानेही तेच दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर पान चुकलं, तुम्ही नाही.

याचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दारावर कर्ज द्यायला येणारा माणूस म्हणतो, "आमचंबी दोनच टक्के, तुमच्या गटासारखं." तेव्हा विचारा, दोन टक्के कशावर? पहिल्या रकमेवर की उरलेल्या? बारा हजारावर १,२४० चा समान हप्ता बारा महिने असेल, तर उरलेल्या रकमेवर तो महिना शेकडा जवळजवळ साडेतीन पडतो. शब्द दोन्हीकडे सारखा, पैसे सारखे नाहीत. पानावर दोन्ही हिशेब शेजारी शेजारी दिसतात, सही करायच्या आधी बघा. आणि रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे, तिच्या नियंत्रणाखालच्या संस्थांनी छोट्या कर्जाचा सगळा खर्च आणि वार्षिक दर दाखवणारं माहितीपत्रक कर्जदाराला द्यायचं असतं, तेही तिला समजेल त्या भाषेत. ते मागून घ्या. मागायला लाजू नका.

आता या पानाच्या मर्यादाही सांगते.

पहिल्यांदा उघडताना नेट लागतं आणि बऱ्यापैकी डेटा जातो. नंतर ब्राउझर ते सामान जपून ठेवतो, म्हणून लवकर उघडतं. जुन्या मोबाईलवर मात्र थांबावं लागतं. अशा मोबाईलसाठी मायक्रोपायथन नावाचं हलकं रूप पायस्क्रिप्टमध्ये आहे, आपल्या साध्या हिशेबाला ते पुरतं.

या पानात काही साठत नाही. बंद केलं की आकडे गेले. म्हणून गटाची कर्जवही आणि सभासदाचं पासबुक हेच खरं, ते पेनानेच लिहायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या पानावर हिशेब मोबाईलमध्येच होतो, आकडे बाहेर पाठवायची ओळ मी लिहिलेली नाही. पण असं पान कुणी बनवलं तर ती ओळ घालूही शकतं. म्हणून कुठल्याही पानावर आधार नंबर, खाते नंबर, ओटीपी टाकायचा नाही. हिशेबाला नाव लागत नाही, रक्कम, दर आणि महिने पुरतात.

माझी विनंती दोनच गोष्टींची. पुढच्या महिन्याच्या सभेला प्रत्येक गटाने कर्जवही आणावी, आणि लेखापालसोबत नववी-दहावीच्या पुढची एक मुलगी यावी. मुलगी पान उघडेल, लेखापाल वही वाचेल. चालू असलेलं एकेक कर्ज आपण आधी हाताने आणि मग पानावर तपासू. गटाचा ठराव काय आहे तेही बघू, कारण पानाला ठराव माहीत नसतो. फरक निघाला तर घाबरायचं नाही, लपवायचं तर अजिबात नाही. इतिवृत्तात लिहायचं आणि पैसे परत करायचे.

मुलींनी पानात बदल करून बघावा. बिघडलं तर परत लिहू, त्यात कुणाचा रुपया जात नाही. हिशेबात मात्र जातो, हे मी दोनशे रुपयांत शिकले.

आणि आजी, तुम्ही पण या. शेवटचा ताळा तुम्हीच करायचाय.